गला-गीची लोक आणि कॅरोलायनाचा भात

सवानाकर

अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक हार्लेम, शिकागो नाहीतर अलाबामाभोवती फिरतं. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या बेटांमध्ये राहणाऱ्या गला-गीची लोकांचं नाव क्वचितच निघतं. मी या भागात बरीच वर्षं राहतोय, म्हणून हा धागा. चर्चा व्हावी एवढीच अपेक्षा.

आधी ओळख. उत्तर कॅरोलायनाच्या दक्षिण टोकापासून फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या खालपर्यंत पसरलेल्या किनारपट्टीवर या लोकांची वस्ती आहे. कॅरोलायनात त्यांना गला म्हणतात, जॉर्जियात गीची. २००६ साली अमेरिकी काँग्रेसने हा सगळा पट्टा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केला. त्यांच्या बोलीतले शब्द बहुतेक इंग्रजी आहेत, पण व्याकरण आणि बोलण्याची चाल पश्चिम आफ्रिकेकडची. तिकडच्या सिएरा लिओन देशातली क्रिओ भाषा बोलणाऱ्या माणसाला ती बरीचशी समजते.

मळे दाखवणारे गाइड एक ठरलेलं कारण सांगतात: बेटं आडबाजूला होती, पूल नव्हते, म्हणून आफ्रिकेचं एवढं सगळं टिकलं. मला ते अपुरं वाटतं. आडबाजूला असलेल्या जागा जगात कमी नाहीत. इथे टिकलं त्याचं मूळ भातात आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कॅरोलायनात भात सुरू झाला आणि पुढची दीडशे वर्षं इथल्या चार्ल्सटन बंदराची श्रीमंती त्यावर उभी राहिली. भातासाठी दलदल हवी, आणि दलदलीत मलेरिया. गोरे मालक मे महिन्यात मळा सोडून शहरात किंवा टेकड्यांकडे निघून जायचे ते थेट थंडी पडल्यावर परतायचे. मागे राहायचे देखरेख करणारे दोन-चार जण आणि शेकडो आफ्रिकन. १७०८ पर्यंत या वसाहतीत काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली होती. शिवाय इथे काम टोळीने दिवसभर राबवून घेण्याऐवजी 'टास्क' पद्धतीने चालायचं. पाव एकराचा तुकडा नेमून दिलेला, तो उरकला की उरलेला वेळ स्वतःचा. त्या वेळात लोक परसात भाजी लावत, मासे पकडत, टोपल्या करत, थोडंफार विकतही. यात दयामाया काही नव्हती. भातमळ्यांवर मुलं भयंकर प्रमाणात दगावत. पण मालकाच्या नजरेआड असलेला तो संध्याकाळचा वेळ भाषेला आणि घराला मिळाला.

आता यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट. सिएरा लिओनच्या नदीमुखाशी बन्स नावाचं बेट आहे, तिथे गुलामांच्या व्यापाराचा किल्ला होता. त्याचा एक मालक लंडनचा रिचर्ड ऑस्वाल्ड. तिथून जहाज आलं की चार्ल्सटनमध्ये हेन्री लॉरेन्स माणसांचा लिलाव करायचा, १० टक्के दलाली घ्यायचा. 'भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरची माणसं' अशी जाहिरात वर्तमानपत्रात यायची. पुढे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा १७८२ च्या पॅरिसमधल्या तहाच्या टेबलावर ब्रिटनकडून ऑस्वाल्ड होता आणि अमेरिकेकडून वाटाघाटी करणाऱ्यांत लॉरेन्स. जुने धंद्यातले भागीदारच! आणि लॉरेन्सने आयत्या वेळी कलम घालून घेतलं की ब्रिटिशांनी जाताना 'निग्रो किंवा इतर मालमत्ता' सोबत नेऊ नये.

तर माझं म्हणणं असं: या लोकांकडून नुसती मजुरी घेतली गेली नाही, त्यांची शेतीची विद्याही घेतली गेली. लिहा.

रेवती_स

वाखूसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचते. ऑस्वाल्ड-लॉरेन्सचं माहीतच नव्हतं.

आडवा_प्रश्न

लेख चांगला, पण 'शेतीची विद्या' हे वाक्य तपासून घ्यायला हवं. आफ्रिकेतून भाताचं तंत्र आलं हा सिद्धांत १९७४ साली पीटर वुड यांनी मांडला आणि २००१ मध्ये जुडिथ कार्नी यांनी तो पार पुढे नेला. ऐकायला फार छान आहे. पण २००७ साली डेव्हिड एल्टिस, फिलिप मॉर्गन आणि डेव्हिड रिचर्डसन यांनी गुलामांच्या जहाजांची नोंदवही घेऊन हिशेब मांडला. त्यातून दिसलं की भात पिकवणाऱ्या प्रदेशातून माणसं मुद्दाम निवडून आणली, असं आकडे सांगत नाहीत. ज्या काळात कॅरोलायनात भात बसला त्या काळात येणाऱ्यांत कोंगो-अंगोलाकडचेच फार. १७३९ चं कॅरोलायनातलं गुलामांचं स्टोनोचं बंड करणारेही कोंगोचेच होते. तिकडे कुठे खाडीतला भात?

जहाज जिथे मिळेल, वारा जिथे नेईल, तिथून माल भरला जायचा. जाहिरातीत 'भातवाले' लिहिणं हा दुकानदारीचा भाग. पीडितांना मोठेपण द्यायचं म्हणून इतिहास वाकवू नये, इतकंच.

खाडीकाठचा

मी पेण तालुक्यातला, तीन पिढ्या खारात शेती. जहाजांच्या आकड्यांत मला गती नाही, बांधाचं मात्र बोलू शकतो.

सवानाकर, कॅरोलायनाच्या भातशेतात पाणी घ्यायला-सोडायला जे दरवाजे असत त्यांची रचना नीट सांगाल का? आमच्या खारबंदिस्तीत बांध समुद्राला बाहेर ठेवतो. बांधात उघाडी असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. पहिल्या पावसात जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की मग पेरणी. झडपेच्या कडेला बोटभर फट राहिली तरी रात्रीत खारं पाणी शिरतं आणि ते खाचर दोन-तीन वर्षं हातचं जातं. ही शेती पुस्तक वाचून होत नाही. बांधाला खेकड्याने भोक पाडलंय हे पायाला कळावं लागतं.

सवानाकर

@खाडीकाठचा, मी तुमच्यासारख्याच कुणाची वाट बघत होतो.

इथे त्याला 'ट्रंक' म्हणतात. बांधाच्या आरपार जमिनीत पुरलेली लांब लाकडी पेटी, आणि तिच्या दोन्ही टोकांना वरून लोंबणारे दरवाजे. भरतीला बाहेरचा दरवाजा वर उचलून ठेवायचा. नदीचं पाणी पेटीतून आत येतं आणि आतला दरवाजा ढकलून शेतात शिरतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी परतायला बघतं, पण त्याच्याच रेट्याने आतला दरवाजा मिटतो. शेत भरलेलं राहतं. रिकामं करायचं असेल तेव्हा आतला उचलायचा, बाहेरचा सोडायचा. दरवाजे चौकोनी असले तरी नाव ट्रंक, म्हणजे ओंडका, कारण आधी पोखरलेलं सायप्रसचं खोडच पुरत आणि त्याला बुच मारत.

म्हणजे फरक लक्षात आला असेल. तुमची उघाडी भरतीला अडवते, इथली भरतीला घरात घेते. कारण शेतं समुद्रापासून आत, जिथे भरतीने नदीचं गोडं पाणी वर उचललं जातं पण मीठ पोचत नाही, अशा पट्ट्यात.

खाडीकाठचा

बरोबर. मग ही आमच्याहून वेगळी शेती झाली. आता आफ्रिकेत काय करतात ते सांगा.

मांडवीकर

मी सांगतो, गिनी-बिसाऊमध्ये कामानिमित्त काही काळ होतो. तिथले बालांता आणि शेजारच्या गिनीतले बागा लोक खाजणासारखीच शेती करतात. तिवरं तोडायची, चिखलाचा बांध घालायचा, पावसाने मीठ धुवायला काही वर्षं जमीन तशीच ठेवायची, मग रोप लावायचं. पाणी सोडायला बांधात ताडाचं पोखरलेलं खोड. माती उलटायला लांब दांड्याचं लाकडी फावडं, त्याच्या टोकाला लोखंडाची पट्टी. ते फावडं चालताना बघितलं की आपण गोव्याच्या खाजणात उभे आहोत असंच वाटतं. आमच्या मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, काम तिथे ते खोड करतं. तिथे हे पोर्तुगीज येण्याच्याही आधीपासून चालू आहे.

म्हणजे गिनीची पद्धत आमच्या जवळची, कॅरोलायनाची जरा लांबची. त्यामुळे 'जशीच्या तशी उचलून आणली' असं म्हणता येणार नाही.

आडवा_प्रश्न

तेच तर मी म्हणतोय!

सवानाकर

नाही, तुम्ही त्यापुढचं म्हणताय. :)

कॅरोलायनात भरतीवरचा भात अठराव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. त्याआधीची साठेक वर्षं आतल्या दलदलीत, पावसाचं पाणी तळ्यात अडवून भात होत होता. दरम्यान माणसं शिकत होती, जुनं नव्या जमिनीवर करून बघत होती. २००७ च्या आकड्यांशी माझं भांडण नाही. कोंगोचे जास्त होते हे खरंच. पण शंभर माणसांत नव्वद जणांना बांध घालता येत नसला तरी दहा जणांना येत असेल तर पुरतं. खाडीकाठचा यांनी म्हटलं तसं ते पायाला कळणारं ज्ञान आहे, आणि इंग्रज मालकाला ते कुठून यायचं? दलदल उपसणं इंग्लंडात माहीत होतं, भात नव्हता.

दुसरं, बी टाकायची रीत. टाचेने खळगा, त्यात बी, पायानेच माती लोटायची. तांदूळ सडायला लाकडी उखळ आणि दोन्ही टोकांनी चालणारं मुसळ, पाखडायला गोल पसरट टोपली. सुरुवातीची कित्येक दशकं चार्ल्सटनहून युरोपला गेलेला तांदळाचा दाणान् दाणा हाताने कांडलेला होता. या गोष्टींवर २००७ वाल्यांकडेही फारसं उत्तर नाही.

कृषीपदवीधर

बियाण्याबद्दल दोन ओळी, कारण यात नेहमी गोंधळ होतो. भाताच्या लागवडीखालच्या जाती दोन: आशियातली ओरायझा सटायव्हा आणि नायजर नदीच्या खोऱ्यात स्वतंत्रपणे माणसाळवलेली ओरायझा ग्लाबेरिमा. कॅरोलायनाची प्रसिद्ध 'कॅरोलायना गोल्ड' ही सटायव्हा, म्हणजे आशियाई. तिथली जुनी दंतकथाही मादागास्करहून आलेल्या जहाजाच्या कप्तानाने बी दिलं अशी आहे. म्हणून 'आफ्रिकेचा तांदूळ' म्हणताना जपून.

पण सुरिनामचं उदाहरण बघा. मळ्यांतून पळून जंगलात गेलेल्या मरून लोकांच्या बायका सांगतात की आमच्या पणजीच्या पणजीने केसांत लपवून भात आणला. काही वाणांना त्या बायकांचीच नावं आहेत. अभ्यासक याला लोककथा म्हणून बाजूला ठेवत. तिथे ग्लाबेरिमा खरोखरच लावली जाते, आणि २०१६ साली तिच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा सगळ्यात जवळचं नातं पश्चिम आयव्हरी कोस्टच्या वाणाशी निघालं. तेव्हा बायकांच्या तोंडच्या गोष्टींना इतकं हलक्यात घेऊ नये.

अवांतर: ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळीसुद्धा मूळची आफ्रिकेचीच. भाकरी मोडताना आठवावं.

पाटीलबुवा

इतक्या लांब कशाला? आपल्याकडे मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत की.

सवानाकर

आहेतच, आणि त्यांच्यावर इथे दोन मोठे धागे आहेत. हा किनाऱ्यापुरता राहू द्या, नाहीतर दोन्ही अर्धवट राहतील.

अटलांटाकर

मी टोपल्यांबद्दल लिहिते. चार्ल्सटनच्या पलीकडे माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेला लाकडी टपऱ्यांत गला बायका बसलेल्या असतात. टोपली विणत नाहीत, शिवतात. स्वीटग्रास नावाच्या गवताची मूठभर जुडी गोल फिरवत न्यायची आणि ताडाच्या पातळ पट्टीने आधीच्या वेटोळ्याला टाका घालायचा. भोक पाडायला सुई नसते, जुन्या चमच्याची दांडी ठोकून-घासून चपटी केलेली असते. मध्ये गडद रंग हवा असेल तर पाइनच्या लांब काड्या. एक बाई मला म्हणाल्या की टोपलीचा तळ चुकला तर पुढे कितीही टाके घाला, टोपली हलतेच. मी तासभर त्यांच्यापाशी उभी होते, तेवढ्यात चार वेटोळी झाली.

लोक टपरीशी येतात, किंमत ऐकतात, 'एवढी?' म्हणतात आणि निघून जातात. आपलेही लोक त्यात आले, लाज वाटली.

भातमळ्यावर पाखडायच्या मोठ्या टोपल्या पुरुष करायचे, जाड बोरूच्या. नाजूक गवताच्या शोभेच्या टोपल्या नंतर आल्या, पर्यटक येऊ लागल्यावर. आणि आता गवतच मिळत नाही. ते वाळूच्या टेकड्यांमागे उगवायचं, तिथे बंगल्यांच्या वसाहती झाल्या. फाटकावर पहारेकरी. पूर्वी बायका जाऊन कापून आणायच्या, आता शेकडो मैलांवरून विकत आणावं लागतं.

सवानाकर

अटलांटाकर ताई, मुद्द्याचं बोललात. पुढचं सगळं जमिनीचंच आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, उत्तरेच्या आरमाराने इथलं पोर्ट रॉयल घेतलं आणि बेटांवरचे मालक एका दिवसात पळाले. गुलाम तिथेच राहिले. १८६२ मध्ये सेंट हेलेना बेटावर त्यांच्यासाठी पेन स्कूल निघालं. कर थकला म्हणून मालकांच्या जमिनी सरकारने लिलावात काढल्या, त्यातल्या काही या लोकांनी मजुरीचे पैसे साठवून विकत घेतल्या. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने चार्ल्सटनपासून फ्लोरिडाच्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची जमीन ४० एकरांच्या तुकड्यांत मुक्त झालेल्यांना देण्याचा हुकूम काढला. वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो फिरवला आणि बहुतेक जमीन पुन्हा जुन्या मालकांकडे गेली. ज्यांनी पैसे मोजून खरेदीखत केलं होतं त्यांची मात्र राहिली.

ही जमीन पुढे मृत्युपत्राशिवाय वारसांकडे जात राहिली. वकील गोरा, कोर्ट गोरं, तिकडे कोण जाणार! शंभर वर्षांत एका तुकड्यावर साठ-सत्तर वारस, निम्मे न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात. कायद्याने सगळ्यांचा सामाईक हिस्सा. मग एखादा बिल्डर लांबच्या नातेवाइकाचा छोटासा हिस्सा विकत घ्यायचा आणि वाटणीचा दावा लावायचा. कोर्ट म्हणायचं, इतके तुकडे होत नाहीत, सगळीच विका. लिलावात पैसेवाला एकटाच. हिल्टन हेड बेटाला १९५६ साली पूल झाला. त्याआधी तिथे बहुतेक वस्ती काळ्यांची होती. आज तिथे गोल्फची मैदानं आणि फाटकबंद वसाहती आहेत, आणि कित्येकांच्या नावात 'प्लँटेशन' हा शब्द मिरवलेला! आतल्या दफनभूमीत आजोबांच्या थडग्यावर जायचं तर फाटकावर परवानगी घ्यावी लागते.

दक्षिण कॅरोलायनाने २०१६ मध्ये कायदा बदलला. आता वाटणीचा दावा आला तर आधी बाकीच्या वारसांना तो हिस्सा बाजारभावाने घ्यायची संधी द्यावी लागते. या कायद्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव आहे. ते राज्याचे सिनेटर आणि चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चचे पास्टर. १७ जून २०१५ ला त्याच चर्चमध्ये बायबल वाचनाच्या वेळी एका वर्णद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यात ते गेले.

आडवा_प्रश्न

ही माहिती जबरदस्त. आणि खरं सांगू का, भाताचं तंत्र कुणाचं यापेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तंत्राचं श्रेय देऊन टाकणं सोपं असतं, गाइडच्या भाषणात दोन वाक्यं वाढवली की झालं. जमीन द्यायला खिशातून काही जातं.

रेवती_स

वाचून झालं. एक प्रश्न: हे लोक स्वतःला आफ्रिकन मानतात का? की हे बाहेरचे अभ्यासक त्यांना सांगताहेत?

सवानाकर

दोन्ही. फार काळ ही बोली म्हणजे 'मोडकं इंग्रजी' समजली जायची, शाळेत मुलांना त्यावरून हिणवलं जायचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस हे सवानाजवळच्या पिन पॉइंटचे, घरी गीची बोलणारे. आपण पूर्वी कोर्टात फारसे प्रश्न का विचारत नव्हतो याचं एक कारण म्हणून त्यांनी शाळेतली ती टिंगल सांगितली आहे. काळे भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो डाऊ टर्नर १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन बेटांवर फिरले आणि १९४९ मध्ये त्यांनी हजारो आफ्रिकन शब्द आणि नावं छापली, तेव्हा कुठे पंडितांनी मोडकं इंग्रजी म्हणायचं थांबवलं.

१९८८ मध्ये सिएरा लिओनचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ मोमो पेन सेंटरला (म्हणजे पूर्वीचं पेन स्कूल) आले, दुसऱ्या वर्षी गला लोकांचं शिष्टमंडळ तिकडे गेलं, बन्स बेटावरही. तेव्हापासून तरुणांमध्ये अभिमान उघड दिसतो. पण मला भेटलेले म्हातारे लोक आधी बेटाचं नाव सांगतात, मग चर्चचं, मग गला. आफ्रिका त्यानंतर कधीतरी.

अटलांटाकर

आणि ते गाणं? ते सांगितल्याशिवाय धागा पुरा कसा होईल?

सवानाकर

सांगतो. टर्नर यांनी जॉर्जियातल्या हॅरिस नेक गावात अमेलिया डॉली नावाच्या बाईकडून पाच ओळींचं गाणं मुद्रित केलं. तिला अर्थ माहीत नव्हता, आजीकडून आलेलं होतं. मुलांना खेळवताना म्हणायची. टर्नर यांना पुढे कळलं की ही सिएरा लिओनची मेंडे भाषा. कित्येक दशकांनी अभ्यासक ते मुद्रण घेऊन तिकडे गावोगाव फिरले. शेवटी सेनेहुन न्गोला या गावात एका बाईने ते ओळखलं आणि पुढचं म्हणून दाखवलं. ते मर्तिकाचं गाणं होतं, थडग्यापाशी बायकांनी म्हणायचं. १९९७ मध्ये अमेलियाची मुलगी, तेव्हा पंचाहत्तरीतली, त्या गावात जाऊन आली.

एवढं सगळीकडे सांगतात. हॅरिस नेकचं पुढे काय झालं ते सांगत नाहीत. १९४२ मध्ये युद्धासाठी विमानतळ हवा म्हणून सरकारने ते गाव ताब्यात घेतलं, सुमारे २७०० एकर. लोकांना थोडी मुदत दिली आणि घरं पाडली. युद्ध संपलं, जमीन परत मिळाली नाही. १९६२ पासून तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. वारस आजही मागताहेत.

खाडीकाठचा

आमच्याकडे प्रकल्पग्रस्तांना विचारा म्हणजे कळेल. असो.

आडवा_प्रश्न

मग पेन सेंटरचं सेंट हेलेना बेट अजून वाचलंय का? असेल तर कसं?

सवानाकर

वाचलंय. काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) १९९९ मध्ये नियम केला: बेटावर गोल्फ मैदान, रिसॉर्ट आणि फाटकबंद वसाहत नको. २०२३ मध्ये एका विकासकाने त्यातून सूट मागितली, बेटावरच्या लोकांनी सभागृह भरवलं आणि काउंटीने नियम कायम ठेवला. जॉर्जियाच्या सॅपेलो बेटावर त्याच वर्षी उलट झालं. हॉग हॅमक वस्तीत १४०० चौरस फुटांपर्यंतच घर बांधायची मर्यादा होती, ती काउंटीने ३००० केली. मोठं घर आलं की कर वाढतो, कर वाढला की म्हातारी माणसं विकतात.

रेवती_स

मार्चमध्ये चार्ल्सटनला येतोय, मुलं बरोबर आहेत. कुठे जावं? लग्नाचे फोटो काढायचे मळे नकोत.

सवानाकर

चार्ल्सटनजवळच्या काउ काउ उद्यानात जा, जुनी भातशेतं आणि बांध आहेत, पायवाटेने फिरता येतं. ट्रंक जवळून बघायचा असेल तर मिडलटन प्लेसला भाताचं छोटं खाचर ठेवलंय. मॅक्लाऊड हा भाताचा नाही, कापसाचा मळा, पण तिथे माहिती गुलामांच्या बाजूने सांगतात. शहरात गॅड्सडेन धक्क्यावर २०२३ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय उघडलंय, अर्धा दिवस ठेवा. वेळ उरला तर दीड-दोन तासांवर पेन सेंटर. मच्छरांचं औषध मार्चमध्येही जवळ असू द्या. आणि हायवे १७ वर थांबलात तर घासाघीस करू नका.